शेवटच्या स्टँडवरचे अण्णा

सदलगेकर अण्णा बूट एक नंबर मोठे घ्यायचे. पाय सातचा, बूट आठचा. दुकानदार म्हणाला, "सर, ढिला होतोय," की अण्णा म्हणायचे, "असू दे की हो. आत बोटांना काम असतंय." दुकानदाराला काय कळणार! मलाच पहिले सहा महिने कळलं नव्हतं, आणि मी तर दर रविवारी त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसत होते.

हे बसणं ऑर्केस्ट्रातलं. आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे बंगळुरातली चाळीस-पंचेचाळीस माणसं. एका ख्रिस्ती शाळेच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जमायचं आणि तीन तास पाश्चात्त्य संगीत वाजवायचं. चर्चमध्ये वाजवणारे, शाळांतले संगीतशिक्षक, निवृत्त माणसं, आणि माझ्यासारखे आठवडाभर इलेक्ट्रॉनिक सिटीत लॅपटॉपपुढे बसून रविवारी माणसात येणारे. लहानपणी पुण्यात आईनं हौसेनं व्हायोलिनच्या क्लासला घातलं होतं, ते इथं असं उपयोगाला आलं.

व्हायोलिनवाल्यांचे दोन गट असतात. पहिला गट चाल मिरवतो, दुसरा खालून आधार देतो. आम्ही दुसऱ्यात, त्यातही शेवटच्या स्टँडवर. आमच्या मागे फक्त भिंत. दोघांत मिळून एक स्टँड आणि एकच कागद, म्हणून आतल्या खुर्चीवरच्यानं पान उलटायचं असा सगळीकडचा रिवाज आहे. तो वाजवायचं थांबून पान उलटतो, तेवढ्यात बाहेरचा वाजवत राहतो. बाहेर मी, आत अण्णा. "तीस वर्षं झाली," अण्णा म्हणायचे, "प्रत्येक पानाचे शेवटचे तीन सूर मी कधी वाजवलेच नाहीत. कसे लागतात देवाला ठाऊक." मला वाटायचं, ह्यांना वाईट वाटत असेल. छे! चांगला अभिमान असायचा.

मूळचे निपाणीकडचे. महादेवपुऱ्याच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात आयुष्य गेलं. तयार झालेला भाग मापात आहे का नाही ते बघायचं, नसला तर बाजूला ठेवायचा. तिथल्याच एका गोवेकर फोरमननं त्यांना जेवणाच्या सुट्टीत व्हायोलिन शिकवलं, तेही वयाच्या तिसाव्या वर्षी. त्यामुळे हात कधी सैल सुटला नाही. खरं सांगायचं तर अण्णा काही फार चांगले वाजवायचे नाहीत. सूर बरोबर, पण त्यात रंग कमी. हे त्यांना स्वतःला पक्कं माहीत होतं. "वाजवणारे पुष्कळ हायत," म्हणायचे, "न वाजवणारा मिळत नाही."

हे न वाजवणं म्हणजे काय, ते सांगते. बार म्हणजे तीन-चार मात्रांचं छोटंसं आवर्तन समजा. प्रत्येकाच्या कागदावर मधे मधे लिहिलेलं असतं, इतके बार गप्प बसा. कधी आठ, कधी पंचवीस, कधी साठ. तेवढे मोजायचे आणि नेमक्या जागी आत यायचं. आम्ही सगळे मोजतो म्हणजे काय करतो? थोडं मोजतो, थोडं इकडेतिकडे बघतो, मग शेजारच्यानं व्हायोलिन उचललं की आपणही उचलतो. अण्णा मोजायचे. व्हायोलिन मांडीवर उभं, गज डाव्या हातात, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून जपाला फिरवतात तसा फिरायचा. चार बोटांची बारा पेरं. बारा झाली की बुटातलं एक बोट दुमडायचं. चोवीसला दुसरं, छत्तीसला तिसरं. आता कळलं ना बूट कशाला मोठा लागतो!

मला ते एका तालमीत कळलं. माझं लक्ष त्यांच्या बुटाकडे गेलं, आत काहीतरी वळवळतंय. मी म्हटलं, "अण्णा, बुटात काही गेलंय का? झुरळ वगैरे?" अण्णा ओठ न हलवता म्हणाले, "पुणेकर, गप. चौपन्न." त्यांनी मला कधी मृदुला म्हटलं नाही. पहिल्या दिवशी मी पेन घेऊन गेले होते आणि कागदावर खूण करायला लागले, तेव्हा पेन माझ्या हातातून काढून घेत त्यांनी विचारलं होतं, "कुठल्या तुम्ही? पुणं? वाटलंच." मग स्वतःच्या खिशातली पेन्सिल दिली. खिशात तीन पेन्सिली असायच्या, तिन्ही दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण 'पुणेकर' काही सुटलं नाही.

एकदा तालमीत भर वाजवताना वीज गेली. सगळे थांबले, कुणी हसलं, कुणी मोबाईलचा दिवा लावला, दहा मिनिटं गप्पा झाल्या. वीज आली तसे समोर उभं राहून हातानं ताल देणारे आमचे कंडक्टर मॅथ्यू सर म्हणाले, "कुठे होतो आपण?" पहिल्या व्हायोलिनची प्रमुख फिलोमिना एक सांगतेय, चेलोवाले, म्हणजे ते पायांत धरायचं मोठं व्हायोलिन वाजवणारे, दुसरंच सांगतायत. पाठीमागून अण्णा म्हणाले, "एकशे त्रेचाळीस. दुसरी मात्रा." सरांनी पडताळून पाहिलं. तेवढंच! त्या दिवसापासून मॅथ्यू सर कुठेही अडले की आधी भिंतीकडे बघायचे आणि विचारायचे, "दत्ता सर?" दत्तात्रेय हे त्यांचं नाव मला त्या दिवशी कळलं.

अण्णांचं एक ठरलेलं वाक्य होतं. नवीन कुणी आलं की ऐकवायचेच. "आपण वाजवलं नाही तर कुणाला कळत नाही. चुकून वाजवलं तर सगळ्या गावाला कळतंय. म्हणून शंका आली तर हात खाली." मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की ते बोलायला लागले की मी पुढचं पूर्ण करायचे. त्यावर ते म्हणायचे, "सरी, बरं. पाठ झालं, आता वाग तसं." आज मला त्या वाक्याचा राग येतो. त्याचं कारण पुढे येईलच.

दुसरं एक काम अण्णांकडे होतं. फिलोमिना ठरवायची कुठल्या सुराला गज वर न्यायचा, कुठल्याला खाली. त्या खुणा सगळ्यांच्या कागदांवर पेन्सिलीनं उतरवून द्यायच्या, म्हणजे सगळे गज एका दिशेनं चालतात. कंटाळवाणं काम. अण्णा ते मल्लेश्वरमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून करायचे, आणि अक्का, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, "जेवायला बसायचं म्हणजे आधी सगळा ऑर्केस्ट्रा उठवायला लागतोय."

त्या वर्षी सीझनच्या पहिल्या कार्यक्रमाला दोन पाहुणे सोलोइस्ट येणार होते. बाहेरदेशी राहणारी भावंडं, भाऊ व्हायोलिनवर आणि बहीण चेलोवर. दोघांनी एकत्र वाजवायचा मोठा कॉन्चेर्टो ठरला होता, आम्ही मागे साथीला. आमच्यासारख्या हौशी माणसांना असे पाहुणे मिळणं म्हणजे लग्नघरच झालं. अण्णांनी सगळ्यांचे कागद आठवडाभर आधीच तयार करून आणले.

तालीम सुरू झाली आणि तिसऱ्या ओळीतच गोंधळ. निम्मे गज वर, निम्मे खाली. व्हायोला, म्हणजे जरा मोठं व्हायोलिन, वाजवणाऱ्यांचे गज तर एकमेकांना लागले. मॅथ्यू सरांनी थांबवलं. बघतो तर कागदांवर दोनदा खुणा. एकदा बरोबर, आणि त्याच्यावर पुन्हा दुसऱ्या दिशेच्या. अण्णांनी सगळं काम एकदा पूर्ण केलं होतं, ते विसरले होते, आणि पुन्हा बसून सगळं केलं होतं, दुसऱ्यांदा चुकीचं. फिलोमिना हसली, "दत्ता सर, तुम्हीसुद्धा माणूस आहात तर!" सगळे हसले. मीही हसले. अण्णा हसले नाहीत. चहाच्या सुट्टीत ते रबर घेऊन एकटे बसले आणि कागद एकेक करून खोडायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "नको. मी केलंय, मीच काढतो." थोड्या वेळानं हळूच विचारलं, "पुणेकर, हे मी दोनदा केलं का गं?"

त्यानंतर आणखी एक-दोन गोष्टी दिसल्या. मला दोनदा 'सुमन' म्हणाले, ती त्यांची मिरजेला दिलेली बहीण. आणि एकदा चाळीस-बेचाळीस बारच्या विश्रांतीत अंगठा एका पेरावर थांबला. मी बघत होते. बराच वेळ थांबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती झाले?" देवाशपथ सांगते, चार वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं, आणि मला सांगताही येईना, कारण मी मोजतच नव्हते. त्यांच्याच भरवशावर बसले होते.

पुढच्या आठवड्यात अक्कांनी मला घरी बोलावलं. अण्णा देवळात गेले होते तेवढी वेळ साधून. कॉफी पुढे ठेवली आणि उभ्याउभ्याच बोलल्या, "डॉक्टर म्हणाले आठवणीचा आजार हाय. आता सुरुवात हाय, पण थांबायचा नाही."

"अण्णांना माहितीये?"

"सांगितलंय. विसरतात." त्या एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग माझा हात धरून म्हणाल्या, "मृदुला, तिथं कुणाला सांगू नको गं. खुर्चीवरनं उठवतील. घरात बसवलं तर हे माणूस उद्याच संपतंय. एवढा एक प्रोग्रॅम होऊ दे. मग मीच सांगते मॅथ्यू सरांना. तू बाजूलाच असतीस. स्वल्प सांभाळून घे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! पण घरी येताना उड्डाणपुलावर बस अडकली होती आणि मी खिडकीशी बसून स्वतःवर चिडत होते. मला संगीतातलं काय सांभाळता येतं? मी सॉफ्टवेअर तपासते. माझा स्वभाव उतावळा. मोजणं हे माझं कधी नव्हतंच.

आणि पुढच्याच रविवारी मॅथ्यू सरांनी ते केलं. कॉन्चेर्टोच्या संथ भागात दुसऱ्या व्हायोलिनना एक्केचाळीस बार विश्रांती आहे. मग बेचाळिसाव्याला चेलो वरून हळूहळू खाली उतरतो आणि त्याच्याखाली दुसऱ्या व्हायोलिनचा एकच लांब, हलका सूर येतो. आम्ही सगळ्यांनी तो वाजवला तर सर म्हणाले, जड होतोय. दोघांनी वाजवून पाहिला, पुढच्यांनी, मधल्यांनी. सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "हा सूर लांबून यायला हवा. फक्त शेवटचं स्टँड वाजवेल. बाकी सगळे गप्प. आणि मी त्या वेळी सोलोइस्टकडे वळलेला असेन, तुम्हाला हात दाखवणार नाही." कुणीतरी म्हणालं, चुकलं तर? सर हसले, "दत्ता सर मोजतायत. मला काळजी नाही."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण शेजारी अण्णांकडे पाहिलं आणि बंद केलं. तीस वर्षांत शेवटच्या स्टँडला कुणी एकट्याला एक सूर दिला नव्हता. अण्णांनी कागद जवळ ओढला, पेन्सिल काढली, आणि त्या सुराभोवती एक बारीक गोल काढला. "पुणेकर," म्हणाले, "आपल्याला दिला बघ."

पुढचा महिनाभर अण्णांनी घरी तो एकच सूर वाजवला. रोज. शेजारच्या कन्नड बाईंनी अक्कांना विचारलं म्हणे, "सर गाणं कधी सुरू करणार?" अक्का हे मला हसत सांगत होत्या. तालमींमध्ये अण्णांचं काय झालं तेही सांगते. सहा वेळा तो भाग झाला. चार वेळा अण्णा अचूक आले. दोन वेळा चुकले, एकदा तीन बार आधीच गज टेकवायला लागले तेव्हा मी खुणेनं थांबवलं, एकदा आलेच नाहीत. त्या दोन्ही वेळी मी वाजवून निभावलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मी आता मोजायला शिकले होते. बुटात बोटं दुमडून नाही, मनात, दात आवळून. आम्ही दोघांनी मिळून एक रीतही ठरवली. चाळीसला व्हायोलिन उचलायचं, एक्केचाळीसला गज तारेवर ठेवायचा, बेचाळीसला सूर. अण्णांनी स्वतःच एक दिवस म्हटलं, "मी चुकायला लागलो तर हात धर माझा. लाजू नको. शंका आली तर हात खाली, काय?" त्यांना कळत होतं, अधूनमधून सगळं कळत होतं. हे फार वाईट असतं हो. काहीच कळलं नसतं तर बरं झालं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. अक्का चौथ्या रांगेत, मोरपंखी साडीत. अण्णांनी काळा कोट, काळे बूट घातले होते. बूट इतके चकचकीत की दिवे दिसत होते त्यात. आत जाण्याआधी म्हणाले, "पुणेकर, आज डोकं स्वच्छ हाय बघ. धुतल्यासारखं." मी म्हटलं, "होय अण्णा." मनात म्हटलं, देवा, आजचा एक दिवस.

पहिला भाग उत्तम गेला. अण्णांनी पानं उलटली, एकही उशिरा नाही. मग संथ भाग. आमची ओळ संपली, विश्रांती सुरू झाली, मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. त्या दोघा भावंडांनी असं काही धरलं की अख्खा हॉल श्वास रोखून बसला. पण मला ते ऐकायचंच नव्हतं, मला मोजायचं होतं. वीस-एकवीसच्या आसपास मी एकदा वळून अण्णांकडे पाहिलं. मोजतायत ना? अंगठा फिरत होता. चेहरा शांत होता. मी पुन्हा मोजायला लागले. बावीस, तेवीस.

माझे एकोणचाळीस झाले आणि अण्णांनी व्हायोलिन उचललं.

एक बार आधी! मी चाळीसला व्हायोलिन उचललं, तेव्हा त्यांचा गज तारेवर टेकला होता. मी एक्केचाळीस म्हटलं, आणि त्यांचा कोपर हलला. मी गजाचा हात तसाच पुढे केला आणि त्यांचा हात दाबून धरला. घट्ट.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. राग नव्हता त्यात. विचारलेलं होतं. मी मान हलवली, नाही. त्यांनी ताबडतोब गज खाली घेतला.

आणि त्याच क्षणी चेलो खाली उतरायला लागला. त्याच्याखाली काहीच नव्हतं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ती एकटी बाई वाजवत होती आणि खालची जागा रिकामी होती. तिनं किंचित मान वळवली. मॅथ्यू सरांचा डावा हात मधेच थांबला. मला कळलं. अण्णा बरोबर होते. त्यांचा बेचाळिसावाच होता. मी त्यांच्याकडे वळून बघताना माझा एक बार सांडला होता. पुढच्या बारला मी एकटीनं तो सूर वाजवला, उशिरा. अण्णांनी वाजवला नाही. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी एकही सूर वाजवला नाही. फक्त पानं उलटली.

टाळ्या प्रचंड झाल्या. लोकांना काय कळणार! एका बारची रिकामी जागा, तीही मागच्या भिंतीजवळची. पण आम्हा चाळीस जणांना कळली होती. मागच्या खोलीत मॅथ्यू सर रागावले नाहीत, फक्त विचारलं, "तिथं काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत अण्णा खुर्चीवरून उठले. शाळेत मुलं उठतात तसे, हात बाजूला. "माझी चूक. मोजणी चुकली."

"नाही!" मी ओरडलेच. "सर, अण्णा बरोबर होते. मी चुकले. मी त्यांचा हात धरला!"

मग फिलोमिनानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "यू आर अ स्वीट गर्ल." तिला अण्णांच्या आजाराचं माहीत होतं. नंतर कळलं, बऱ्याच जणांना आधीपासून माहीत होतं, ते दोनदा केलेल्या खुणांपासून. आणि ज्याची आठवण चाललीये तो माणूस बरोबर, आणि धडधाकट मी चूक, हे कुणाला पटणार? मी जितकी जोरानं सांगायला लागले तितके सगळे माझ्याकडे मायेनं बघायला लागले. शेवटी मी रडले. तेही त्यांना चांगुलपणाच वाटला. अण्णांनी खिशातल्या तिन्ही पेन्सिली काढून मॅथ्यू सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि अक्कांना शोधायला बाहेर गेले.

मॅथ्यू सरांना सांगायची अक्कांवर वेळच आली नाही. अण्णा पुन्हा ऑर्केस्ट्रात आले नाहीत.

मी जात राहिले त्यांच्याकडे, शनिवारी. आजार डॉक्टर म्हणाले तसाच वाढत गेला. कारखान्याचं नाव गेलं, गोवेकर फोरमन गेला, शेजारच्या बाई गेल्या. मी कधी सुमन असायचे, कधी कुणीच नाही. व्हायोलिन वाजवायचं असतं हेही एक दिवस गेलं. पण ते एक गेलं नाही. मी दारात दिसले की कसंनुसं हसून म्हणायचे, "मोजायला चुकलो बघ त्या दिवशी. सगळ्या गावाला कळलं." प्रत्येक वेळी मी त्यांच्यापुढे बसून सांगायचे, "अण्णा, तुम्ही बरोबर होता. मी चुकले. मी हात धरला तुमचा." प्रत्येक वेळी ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "चांगली हायस तू." दहा मिनिटांत माझं सांगणं पुसलं जायचं आणि त्यांची चूक तशीच उरायची. अहो, सगळं न्यायचं होतं ना त्या आजारानं? मग हेच का सोडलं!

परवाच्या शनिवारी गेले तेव्हा अक्कांनी त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. "हे लावलं की शांत बसतात," म्हणाल्या. दुसऱ्या कुणाचं लावलं तर ते उठून फिरायला लागतात, आपलंच लागतं. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. पायात घरातल्या सपाता. मला ओळखलं नाही. मी स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसले, बाहेरच्या बाजूला, सवयीनं.

संथ भाग सुरू झाला. आमची ओळ संपली. आणि अण्णांचा अंगठा पेरांवरून चालायला लागला. मी खाली पाहिलं, सपातेत एक बोट दुमडलं. मग दुसरं. स्वतःचं गाव न आठवणारा माणूस बार मोजत होता. मीही मोजत होते, या वेळी कुठेही न बघता. छत्तीसला तिसरं बोट. चाळीसला त्यांचा डावा हात खांद्याकडे गेला. एक्केचाळीसला उजवा हात उचलला गेला, बोटं गज धरल्यासारखी. बेचाळीस. हात हलला. अचूक, अगदी अचूक! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणणार होते, अण्णा, बघा, हेच, हाच तो बार.

रेकॉर्डिंगमध्ये चेलो एकटाच खाली उतरला. त्याच्याखाली काही नव्हतं. अण्णांचा हात हवेत थबकला. मग पुढच्या बारला तो सूर आला, माझा, उशिराचा.

अण्णांनी हात सावकाश मांडीवर ठेवला. माझ्याकडे वळून, ओशाळं हसून म्हणाले, "बघा. अजून एक बार आधीच येतोय मी."